शेजारची वही: एमआयएस शिकायला सुरुवात करताना

पुण्या-मुंबईच्या कुठल्याही ऑफिसात सकाळी दहाच्या सुमारास एक प्रश्न कानावर पडतो : "एमआयएस गेला का?" विचारणाऱ्याला एक एक्सेल शीट हवी असते. कालची विक्री, कालची वसुली, गोदामातला शिल्लक माल. नोकरीच्या जाहिरातीतला 'एमआयएस एक्झिक्युटिव्ह' म्हणजे ही शीट रोज वेळेवर तयार करून पाठवणारा माणूस. बीबीए किंवा एमबीएच्या पहिल्या वर्षाला एमआयएस, म्हणजे व्यवस्थापन माहिती प्रणाली, हा विषय समोर येतो तेव्हा मुलं बहुतेक दोनपैकी एक समजूत मनात घेऊन बसलेली असतात. काहींना तो कॉम्प्युटरचा विषय वाटतो, आणि कॉमर्सकडून आलेली मुलं धास्तावतात. काहींना ती सकाळची शीट म्हणजेच अख्खा विषय वाटतो, आणि ती निर्धास्त होतात.

मी बरीच वर्षं हा विषय शिकवतो आहे. त्याआधी काही वर्षं एका दूध प्रक्रिया केंद्रात काम केलं. दोन्हीकडच्या अनुभवावरून तुम्हाला पहिल्याच दिवशी एक सांगावंसं वाटतं : या विषयाची सुरुवात निर्णयापासून करा. कोणाला, किती वाजता, काय ठरवायचं आहे? ते ठरवताना त्याच्या हातात कोणती माहिती असायला हवी? एवढं कळलं की कॉम्प्युटर कुठे लागतो आणि कुठे लागत नाही, हे आपोआप दिसू लागतं.

पाठ्यपुस्तकात तुम्हाला एक त्रिकोण भेटेल. रॉबर्ट अँथनी यांनी १९६५ मध्ये व्यवस्थापनाची कामं तीन थरांत मांडली, त्यावरून तो रूढ झाला. तळाला रोजचं काम, मधे देखरेख आणि नियंत्रण, टोकाला दूरचं नियोजन. परीक्षेत हा त्रिकोण काढून त्यात नावं भरली की गुण मिळतात. पण तो जिवंत पाहायचा असेल तर एकदा सकाळी सहाला गावच्या दूध संस्थेत जा. कोल्हापूर, सांगली, सातारा, नगर या भागांत असाल तर फार लांब जावं लागणार नाही.

किटल्या आणि कॅन घेऊन माणसं रांगेत उभी असतात. दूध काट्यावर ओततात, त्यातला नमुना छोट्या बाटलीत घेऊन फॅटच्या मशीनला लावतात आणि अर्ध्या मिनिटात चिठ्ठी बाहेर येते. तिच्यावर सभासद क्रमांक, तारीख, सकाळ की संध्याकाळ, गाय की म्हैस, लिटर, फॅट, एसएनएफ, दर आणि रक्कम असते. एका चिठ्ठीवर जेमतेम नऊ-दहा आकडे. आता ही चिठ्ठी हातात धरून तिच्या मागोमाग जा.

शेतकरीण ती तिथंच उभी राहून वाचते. कालपेक्षा म्हशीचं फॅट उतरलेलं दिसलं तर तिला आजच काही ठरवायचं असतं : पेंड बदलली म्हणून झालं का, वैरणीत ओलं जास्त पडलं का, जनावर आजारी तर नाही? तिच्यासाठी ही चिठ्ठीच माहिती प्रणाली आहे. हवी तेव्हा मिळते, तिच्याच दुधाबद्दल बोलते आणि तिच्याच भाषेत बोलते. सचिवाला एकेका चिठ्ठीत रस नसतो. त्याला सकाळचं एकूण संकलन हवं असतं आणि दहा दिवसांनी प्रत्येक सभासदाचं बिल. त्यातून पशुखाद्याची कपात, घेतलेली उचल वजा करायची असते. तालुक्याच्या शीतकरण केंद्राला सभासदाचं नावही नको असतं. कोणत्या रूटवरून किती लिटर येणार, एवढंच पाहिजे असतं. आणि संस्थांचं दूध घेणाऱ्या दूध संघाच्या संचालक मंडळाला रोजचे लिटरही नको असतात. पुष्टकाळात जास्तीचं दूध येईल तेव्हा पावडर किती करायची, कृशकाळात पिशवीचं दूध पुरणार का, दिवाळीला सभासदांना दूध फरक किती देता येईल, हे त्यांचे प्रश्न.

चिठ्ठी तीच असते. वर जाताना तिची बेरीज होते, तपशील गळतो, आणि काळाचा आवाका वाढत जातो. पुस्तकात व्यवहार प्रक्रिया प्रणाली, व्यवस्थापन माहिती प्रणाली, निर्णय साहाय्य प्रणाली अशी तीन वेगळी प्रकरणं असतात. त्यामुळे ती तीन वेगळी यंत्रं आहेत असं मुलांना वाटतं. खरं तर बऱ्याचदा एकाच नोंदीकडे तीन माणसं आपापल्या कामाच्या उंचीवरून पाहत असतात.

आता त्या संस्थेतला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा अहवाल सांगतो. संस्थेनं सभासदांकडून दहा दिवसांत ६,००० किलो दूध घेतलं आणि स्वतःच्या मशीनवर सरासरी फॅट ३.९ निघालं असं धरा. म्हणजे २३४ किलो फॅटचे पैसे सभासदांना द्यायचे. तेच दूध संघाच्या प्रयोगशाळेत ३.७ लागलं, तर संस्थेला पैसे मिळणार २२२ किलोचे. १२ किलो फॅट मधल्या मधे गेलं. यात कोणी चोरी केलेली असेलच असं नाही. नमुना घेण्याआधी दूध नीट ढवळलं नसेल; मलई वर येते आणि वरवरचा नमुना फॅट जास्त दाखवतो. मशीन बरेच दिवस प्रमाणित करून घेतलं नसेल. पण यातलं काहीही शोधायला लागण्यासाठी आधी दोन आकडे शेजारी शेजारी यावे लागतात. सचिवाच्या कपाटात एक आकडा, संघाच्या बिलावर दुसरा, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर, अशा स्थितीत संस्था वर्षानुवर्षं तोट्यात राहू शकते. हे दोन आकडे एका ओळीत आणून ठेवणं म्हणजे एमआयएस. त्याला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. कोणता आकडा कोणाशेजारी ठेवायचा, हे सुचावं लागतं.

ते शेजारी ठेवताना पहिली अडचण येते ती व्याख्येची. इथे जरा थांबतो, कारण मुलं याच पायरीवर घाई करतात.

दुधाची घनता साधारण १.०३. म्हणजे ५,००० लिटर दूध वजनात सुमारे ५,१५० किलो भरतं. संस्था लिटर लिहिते आणि टँकर वजनकाट्यावर किलोत मोजला जातो, हे लक्षात न घेता दोन रकाने जुळवायला बसलात तर १५० चा फरक येणार. मग एक तर 'दूध वाढलं' म्हणून कोणी खूश होईल, नाहीतर तेवढं पाणी रस्त्यात मिसळलं म्हणून बिचाऱ्या ड्रायव्हरवर संशय येईल. दोन्ही रकान्यांवर 'दूध' एवढंच लिहिलेलं असतं.

एसएनएफची गोष्ट याहून नाजूक आहे. दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ म्हणजे एसएनएफ. लॅक्टोमीटरचं वाचन आणि फॅट यांवरून ते काढायचं सूत्र रिचमंडच्या नावानं ओळखलं जातं. पण त्यातले स्थिरांक सगळीकडे सारखे वापरत नाहीत. लॅक्टोमीटरचं दुरुस्त वाचन २८.५ आणि फॅट ३.८ आहे असं धरा. एका पद्धतीत वाचनाचा चौथा हिस्सा, अधिक फॅटच्या ०.२५ पट, अधिक ०.४४ घेतात, उत्तर येतं ८.५२. दुसऱ्या पद्धतीत फॅटच्या ०.२१ पट आणि वर ०.३६ घेतात, उत्तर ८.२८. आपल्याकडे गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ या गुणवत्तेला धरून बोलला जातो, आणि त्याखाली गेलं की पॉइंटनं दर कापला जातो. तेच दूध, तोच लॅक्टोमीटर. एका सूत्रानं शेतकरी पूर्ण दराला पात्र, दुसऱ्यानं कपातीला. सूत्र सॉफ्टवेअरच्या पोटात असतं. चिठ्ठीवर ते छापलेलं नसतं. व्यवस्थापक म्हणून त्या चिठ्ठीवर तुमची सही असेल, तर आत कोणतं सूत्र बसवलंय हे तुम्हाला माहीत असलंच पाहिजे. ते 'आयटीवाल्यांचं काम' म्हणून सोडून देता येत नाही, कारण त्या दोन दशांशांवर कोणाच्या तरी घरचा किराणा अवलंबून असतो.

हीच गोष्ट रसेल ॲकॉफ यांनी १९६७ मध्ये एका गाजलेल्या लेखात मांडली. लेखाच्या नावातच त्यांनी 'माहिती प्रणाली' ऐवजी 'चुकीच्या माहितीची प्रणाली' असा शब्द वापरला होता. अशा प्रणाली उभारणारे लोक पाच गोष्टी न तपासता गृहीत धरतात, असं त्यांचं म्हणणं. व्यवस्थापकाकडे माहिती कमी पडते, हे पहिलं गृहीतक. तो जी माहिती मागतो तिचीच त्याला गरज असते, हे दुसरं. माहिती दिली की निर्णय सुधारतो, हे तिसरं. विभागांनी एकमेकांशी जास्त देवाणघेवाण केली की संस्थेचं काम सुधारतं, हे चौथं. आणि प्रणाली आतून कशी चालते हे व्यवस्थापकाला कळायची गरज नाही, ती वापरता आली की पुरे, हे पाचवं. एसएनएफच्या सूत्रात आपण पाहिलं ते हे पाचवं. लेख मिळाला तर मुळातून वाचा. साठीच्या घरात पोचलेला लेख आहे, पण आजच्या डॅशबोर्डनाही तो लागू पडतो.

पहिलं गृहीतक किती खोटं असतं, ते मला पंचविशीत कळलं. मी ज्या केंद्रात होतो तिथं रोज पहाटे एक अहवाल तयार करायचं काम माझ्याकडे होतं. २२ पानं. रूटवार संकलन, संस्थावार फॅट, आम्लता, नाकारलेले कॅन, टँकरची रीडिंग, सगळं. मी तो मन लावून करायचो आणि सात वाजता सहा जणांच्या टेबलांवर ठेवायचो. एक दिवस सहज चाळताना दिसलं, की चौदाव्या पानावर आठ दिवस एकाच तारखेचे आकडे छापले जात होते. फाइल जोडताना माझीच चूक झाली होती. आठ दिवस, सहा प्रती, आणि एकानंही विचारलं नव्हतं. चूक सांगायला मी घाबरत शिफ्ट इनचार्जकडे गेलो. ते रागावले नाहीत. म्हणाले, "ते पान मी कधी उघडलंच नाही रे." मग मी विचारलं, "साहेब, पहाटे पाचला तुम्हाला खरं काय हवं असतं?" त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. कोणता टँकर किती वाजता लागणार, त्यात अंदाजे किती दूध आहे, आणि कुठल्या रूटच्या दुधाची आम्लता वाढलीय. एवढं कळलं की पिशवीला किती घ्यायचं, पावडरला किती वळवायचं आणि कोणता टँकर आधी रिकामा करायचा, हे ते ठरवू शकत होते. त्यासाठी ते दररोज पहाटे चारला शीतकरण केंद्रांना फोन लावायचे आणि उत्तरं एका वहीत लिहायचे.

ती वही माझ्या २२ पानांच्या शेजारीच पडलेली असायची. पुढे आम्ही अर्ध्या पानाचा एक तक्ता केला. त्याची वेळ सातऐवजी पावणेपाच ठरवली. तो त्यांनी रोज वाचला.

तेव्हापासून मी कुठल्याही कार्यालयात गेलो की कॉम्प्युटरच्या शेजारी कोणती वही आहे, ते पाहतो. दवाखान्यात, बँकेच्या शाखेत, कारखान्याच्या स्टोअरमध्ये, दुकानात, सगळीकडे ती असते. कुठे वही, कुठे भिंतीवरचा फळा, हल्ली व्हॉट्सअॅपचा ग्रुप. त्या वहीत जे लिहिलेलं असतं ते प्रणालीनं विचारलेलं नसतं, तरी कामाला लागत असतं. स्टोअरकीपर लिहितो, 'हा सप्लायर सांगतो आठ दिवस, देतो पंधरा दिवसांत.' सॉफ्टवेअरमध्ये आठचा रकाना असतो, पंधराचा नसतो. प्रकल्पासाठी कंपनीत जाल तेव्हा मुलाखतीआधी ती वही बघायला मागा. विश्वास बसला की लोक दाखवतात, आणि त्या दोन-चार पानांतून कळतं ते तासाभराच्या प्रश्नावलीतून कळत नाही.

मोठ्या प्रमाणावरचं उदाहरण हवं असेल तर ते आपल्याच मातीतलं आहे. १९९८ मध्ये कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या वारणा खोऱ्यात ७० गावं कॉम्प्युटरनं जोडायचा प्रकल्प सुरू झाला. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या वारणा सहकारी समूहानं मिळून तो हाती घेतला होता. शेतकऱ्याला गावातच शेतीची माहिती, बाजारभाव, सरकारी सेवा मिळाव्यात, अशी मोठी स्वप्नं त्यामागे होती. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी तिथं जाऊन प्रत्यक्ष वापर पाहिला. गावातल्या केंद्रांतले कॉम्प्युटर मुख्यतः साखर कारखान्याच्या कामासाठी वापरले जात होते : उसाची नोंद, तोडीची परवानगी, गेलेल्या उसाचं वजन, खताचा हिशेब. शेतकऱ्याच्या वर्षाचं गणित ज्यावर उभं असतं तेच प्रश्न. माझा ऊस नोंदला गेला का, तोड कधी येणार, टनेज किती भरलं? मग संशोधकांनी आणखी एक पाऊल टाकलं. ही कामं साध्या मोबाइलच्या एसएमएसवर होतील का, हे त्यांनी काही गावांत करून पाहिलं, आणि ती झाली. कॉम्प्युटरची देखभाल आणि खेड्यातली वीज यांच्याशी रोजची झुंज टळली, खर्चही उतरला.

या प्रकल्पाला काही जण फसलेला म्हणतात. मला ते पटत नाही. शेतकऱ्यानं स्वतःच्या वापरातून कोणती माहिती आपल्या निर्णयाला लागते हे दाखवून दिलं, आणि एवढं स्पष्ट उत्तर फार थोड्या प्रकल्पांना मिळतं. आराखडा करणाऱ्यांनी ते आधी विचारलं असतं तर एसएमएसपर्यंत पोचायला इतकी वर्षं लागली नसती, एवढंच. गावात कॉम्प्युटर हवा की फोन, हा प्रश्न नेहमी दुसरा असतो. तोडीची तारीख शेतकऱ्याला का कळायला हवी, हा पहिला. तारीख कळली तर तो पाण्याची पाळी, मजुरांची सोय आणि पुढच्या पिकाची तयारी ठरवू शकतो.

आता अभ्यासाकडे येतो. परीक्षेसाठी जावडेकर किंवा लॉडन यांच्यापैकी एक पुस्तक पुरेसं आहे; दोन्ही अर्धवट वाचण्यापेक्षा एक नीट वाचा. साधनांपैकी एक्सेलमधलं पिव्होट टेबल पक्कं शिका आणि एसक्यूएलमध्ये साध्या क्वेरी लिहिता येतील एवढी तयारी करा. त्यासाठी महिना-दोन महिने रोजचा तासभर दिला तरी पुरे होतं. टॅलीवर घरच्या किंवा ओळखीच्या दुकानाचा महिनाभराचा हिशेब प्रत्यक्ष टाकून पाहा. ईआरपीचे मोठमोठे पडदे पहिल्या वर्षी दिसले नाहीत तरी बिघडत नाही. ते नोकरीत दिसतील, आणि प्रत्येक कंपनीचे वेगळे असतील.

खरी मेहनत प्रकल्पात करा. दरवर्षी माझ्याकडे एखाद्या नामांकित कंपनीच्या वेबसाइटवरून उतरवलेले अहवाल येतात. त्यांत चित्रं सुबक असतात, पण एका माणसाचा एक निर्णयसुद्धा त्यांत दिसत नाही. त्याऐवजी एक छोटी जागा निवडा. गावची दूध संस्था, मामाचं औषधाचं दुकान, पतपेढीची शाखा, कॉलेजची मेस. तिथला एकच कागद घ्या आणि तो कुठे जन्मतो, कोणाच्या हातात जातो, कोण त्यावर काही लिहितं, कोण तो फाइलला लावून विसरतं, हे आठवडाभर पाहा. मग त्या कागदाबद्दल प्रत्येकाला एकच विचारा : "हा आज आला नाही, तर तुमचं काय अडेल?" ज्याचं काहीच अडत नाही, त्याला तो कागद कशाला जातो? ज्याचं अडतं, त्याला तो वेळेवर मिळतो का? मेसच्या मॅनेजरला उद्या किती ताटं लागणार हे आज रात्री आठला कळलं तर कणीक वाया जात नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला तोच आकडा अगदी अचूक कळला तरी उपयोग शून्य.

अहवालात तुम्ही जो तक्ता सुचवाल, त्याच्या डोक्यावर तीन गोष्टी लिहा : कोणासाठी, किती वाजता, आणि तो पाहून काय ठरवायचं. तिसरी ओळ भरता आली नाही तर तो तक्ता काढून टाका, कितीही सुंदर झाला असला तरी. प्रत्येक रकान्याची व्याख्याही लिहा. 'विक्री' म्हणजे बिल फाडलेली, की माल पोचलेली, की पैसे आलेले? दुकानदाराचं, त्याच्या सेल्समनचं आणि सीएचं उत्तर वेगळं येईल. ती तीनही उत्तरं लिहून ठेवा. अहवालाचं सगळ्यात चांगलं पान तेच होईल.

कोणाकडून माहिती घेता, त्याची काळजीही घ्या. सभासदाचं नाव, त्याची उचल, दुकानाची उधारी या गोष्टी वर्गात दाखवायच्या नसतात. नावांच्या जागी क्रमांक घाला आणि तसं करणार असल्याचं आधीच सांगा. लोक मोकळे बोलतात.

दूध संस्थेत जाणार असाल तर सकाळच्या गर्दीत फक्त बाजूला उभं राहून बघा, मधे प्रश्न विचारू नका. रांग खोळंबते आणि दूध तापतं. टँकर गेला की साडेनऊ-दहाला सचिव हिशेबाला बसतात, तेव्हा त्यांना वेळ असतो. दरपत्रक भिंतीवर लावलेलं असतं, ते उतरवून घ्या. संघाकडून आलेलं मागच्या दहा दिवसांचं बिल आणि संस्थेचं त्याच दहा दिवसांचं संकलन मागा, आणि फॅटचे दोन आकडे तिथंच बसून एका ओळीत लिहा. मग सचिवांना विचारा, टेबलाच्या कोपऱ्यात ती वही कसली आहे.